दुसरा प्रयोग कधी करताय?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की आपल्या कोकणात नाटकाची कमी नाही, दशावतार आहे, नमन आहे, पूजेची नाटकं आहेत, स्पर्धा आहेत, पण छोटं प्रायोगिक नाटक मात्र एकदा होतं आणि संपतं. दोन-दोन महिने तालमी, एक प्रयोग, आणि सामान माळ्यावर. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आलेत की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवून फक्त नाटकाचेच प्रश्न घेतेय. लांब पत्रं थोडी कापलीत आणि नावं कुणाचीच टाकलेली नाहीत, फक्त गाव लिहिलंय.

प्रश्न : ताई, आम्ही सात जण आहोत, कुडाळपासून बरंच आत राहतो. नाटक बसवून तयार आहे. पण नाट्यगृहाचं भाडं, टेम्पो, लाईटवाला असा हिशोब केला की आमचं बजेट तिथेच संपतं. आणि समजा भरलंच भाडं, तर एवढ्या मोठ्या हॉलमध्ये पन्नास माणसं म्हणजे रिकामंच दिसणार ना. मग प्रयोग करायचा कुठे? (कुडाळ तालुका)

खळ्यात करा, म्हणजे घरासमोरच्या सारवलेल्या अंगणात. परवडत नाही म्हणून सांगत नाहीये, तुमच्या नाटकाला तीच जागा जास्त चांगली आहे म्हणून सांगतेय. भाताची कामं आटपली की खळं करतात, सारवतात, वर मांडव घालतात, समोर पायऱ्या आणि पडवी असते म्हणजे मागच्या लोकांना उंचावर बसायची सोयसुद्धा आपोआप झाली. याच्यापेक्षा वेगळं थिएटर ते काय असतं?

एक सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही दोन भावांच्या वाटणीवरचं एक नाटक करत होतो, त्यात धाकटा भाऊ घराच्या मधोमध चुन्याने रेघ मारतो. स्पर्धेत मोठ्या स्टेजवर ती रेघ पाचव्या-सहाव्या रांगेच्या मागे कुणाला दिसलीच नाही, म्हणजे नाटकातला सगळ्यात मोठा क्षण निम्म्या हॉलने बघितलाच नाही. नंतर तेच नाटक आम्ही एका घराच्या खळ्यात केलं, तीस-पस्तीस माणसं असतील, चटयांवर बसलेली. तो मुलगा चुन्याची परात काखेत धरून उलटा उलटा सरकत रेघ मारत आला, आणि पुढच्याच चटईवर एक आजी पाय पसरून बसली होती, रेघ बरोबर तिच्या पायांपाशी येऊन थांबली. त्याला काय करावं सुचेना, हातातून चुना तसाच गळतोय. आजीने त्याच्याकडे बघितलं, काही बोलली नाही, दोन्ही हातांनी गुडघा धरून एक पाय उचलून बाजूला घेतला, मग दुसरा, आणि त्याला वाट करून दिली. खळ्यात एक माणूस हलला नाही. त्या आजीच्या घरात पण तशीच वाटणी झाली होती हे आम्हाला नंतर जेवताना कळलं. त्यानंतरच्या प्रत्येक प्रयोगात आम्ही रेघ प्रेक्षकांच्या चटईपर्यंत न्यायला लागलो. ते दिग्दर्शन माझं नाही, त्या आजीचं आहे.

आता कामाच्या गोष्टी. बारा बाय पंधरा फुटांची मोकळी जागा पुरते. प्रेक्षक तीन बाजूंनी बसवा, चौथ्या बाजूला घराचं दार येऊ द्या आणि ते दार एंट्रीला वापरा, त्याच्यासारखा सेट तुम्हाला कुणी बांधून देणार नाही. खळं नसेल तर शाळेचा वर्ग बघा, वाचनालयाचा हॉल बघा. देवळाचा सभामंडप मिळत असेल तर उत्तम पण आधी मानकऱ्यांना आणि देवस्थान कमिटीला तुमचा विषय नीट सांगून मगच जा, अर्ध्यात प्रयोग थांबला तर पुढची दहा वर्षं त्या गावात नाटकाला जागा मिळत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळ्यात चुकूनही लावू नका, पाऊस आला की पहिल्या रांगेला पण ऐकू येत नाही, कौलारू असेल तर निदान आवाज राहतो. तारीख धरताना आजूबाजूच्या जत्रा बघून घ्या. त्रिपुरी पौर्णिमेनंतर रोज कुठे ना कुठे दहीकाला, म्हणजे जत्रेतला रात्रभराचा दशावतार असतो आणि त्या रात्री तुमच्याकडे कोण येणार, आणि येऊ पण नये, तुम्ही पण तिकडेच जा. मार्च ते मे देवगड-रत्नागिरीकडे अख्खं घर आंब्यात असतं. गणपतीत चाकरमानी येतात, घरं भरलेली असतात, पण आरत्या, भजनं, फुगड्या यातून कुणाला मोकळं व्हायला होत नाही. गौरी गेल्यावरचे एक-दोन दिवस मिळाले तर बघा, मला चांगला अनुभव आहे.

आणि माईक लावू नका. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला बंदी आहे हे एक झालंच, पण पस्तीस माणसांसमोर माईकची गरजच नसते. माणसाचा आवाज माणसाच्या तोंडातून येताना ऐकायची सवय आपली मोडत चाललीय, ती तुमच्याकडून परत लागू दे.

प्रश्न : प्रायोगिक नाटक म्हणजे नक्की काय हो? आम्ही शाळेत असताना हौशी नाटकं केली, बॉक्स सेट, पडदा, सगळं. हल्ली मुलं एक स्टूल ठेवतात आणि प्रायोगिक म्हणतात. मला तर निम्मं कळत नाही. न कळणारं ते प्रायोगिक असं आहे का? (निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

सर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि खूप जणांच्या मनात असतो, तुम्ही विचारलात हे चांगलं केलंत.

हौशी आणि व्यावसायिक हा फरक पोटाचा आहे, नाटकावर घर चालतं की नोकरी करून नाटक करतो एवढाच. प्रायोगिक हा शब्द त्या रांगेतला नाहीच. जे आधी जमलेलं आहे, टाळ्या घेणारं आहे, ते परत न करता दुसरं काही जमतंय का हे बघणं म्हणजे प्रायोगिक, मग ते हौशी करू दे नाहीतर आणि कुणी. १९६० साली विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे या मंडळींनी मुंबईत रंगायन ही नाट्यसंस्था सुरू केली ती याच ओढीने. आपले चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, वेंगुर्ला-कुडाळकडचा माणूस, त्यांचं नाटक पण रंगायननेच उभं केलं, धंद्याच्या हिशोबात ते कुणी हातात धरलं नसतं. पुढे १९७१ ला अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांची आविष्कार आली, आणि दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल मिळाल्यावर सत्तरच्या दशकात जे घडलं त्याला लोक आजही छबिलदास चळवळ म्हणतात. शाळेचा हॉल बरं का सर, नाट्यगृह नव्हे. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. खुर्च्या हलवता यायच्या, म्हणून नाटकवाले प्रेक्षकांना कुठेही बसवू शकायचे, कधी समोर, कधी भोवती. जागा वेगळी मिळाली म्हणून नाटकं वेगळी झाली, हे माझं ठाम मत आहे.

तिकडे कलकत्त्याला बादल सरकार, पेशाने टाऊन प्लॅनर, ते तर स्टेज सोडूनच बाहेर पडले. पडदा नाही, सेट नाही, महागडे लाईट नाहीत, खोलीत नाहीतर मैदानात नाटक, प्रेक्षक चारी बाजूंनी. त्याला ते थर्ड थिएटर म्हणायचे. त्यांचं म्हणणं साधं होतं, सिनेमा जे चांगलं दाखवतो ते नाटकाने दाखवायची धडपड कशाला, नाटकाकडे जिवंत माणूस समोर आहे ही एकच गोष्ट अशी आहे जी सिनेमाकडे नाही, तिच्यावर जोर द्या.

म्हणून स्टूल. पण सर, स्टूल ठेवलं म्हणजे झालं असं नाही, तिथे मी तुमच्याच बाजूने आहे. जे कळत नाही ते तुमच्यामुळे नाही, बऱ्याचदा करणाऱ्यालाच कळलेलं नसतं. पुढच्या वेळी असं नाटक बघितलंत की संपल्यावर निघून जाऊ नका, त्या मुलांना गाठून विचारा की हे स्टूल इथे का होतं. चांगला ग्रुप असेल तर तुम्हाला चहा पाजून उत्तर देईल.

प्रश्न : आमची एकांकिका स्पर्धेत बाद झाली. परीक्षकांनी दोन ओळीत निकाल लावला. मुलं नाराज आहेत, म्हणतात नवीन स्क्रिप्ट घेऊ. तुम्ही काय सांगाल? (चिपळूण)

नवीन स्क्रिप्ट घेऊ नका. हीच परत करा.

मी स्पर्धांच्या विरोधात नाहीये. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ साली सुरू झाली आणि तिच्यामुळे रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत किती तरी माणसं नाटकात आली, मी त्यातलीच एक. स्पर्धेमुळे तारीख मिळते, तारीख मिळाली की तालीम होते, नाहीतर आपण बसतो पुढच्या महिन्यात बघू म्हणत. पण स्पर्धेने आपल्याला एक वाईट सवय लावली, निकाल लागला की नाटक संपलं असं आपल्याला वाटायला लागलं. अहो, पहिल्या प्रयोगात नट फक्त वाक्यं विसरू नयेत एवढंच बघत असतो! समोरच्याचं ऐकायला तो दुसऱ्या प्रयोगात लागतो, तिसऱ्यात त्याला कळतं की लोक कुठे श्वास धरतात, आणि कुठे तरी पाचव्या-सहाव्याला लेखकाने काय लिहिलंय ते कळतं. दशावतारातला माणूस जत्रेच्या दिवसांत रोज रात्री उभा राहतो, म्हणून त्याच्याकडे ती सहजता येते, जादू नाहीये ती. आणि आपण एका प्रयोगावर आपल्या मुलांना चांगलं-वाईट ठरवतो.

तुमच्या गावात तर २२ जुलै २०२१ चा पूर तुम्ही सगळ्यांनी बघितलाय, चिखल उपसून त्याच भिंती परत धुतल्यात. एका निकालाने नाटक टाकून देऊ नका. ते दोन ओळींचं मत कागदावर लिहून ठेवा, त्यात काही खरं असेल तर घ्या, आणि पुढच्या महिन्यात कुणाच्या तरी अंगणात तेच नाटक करा. मग मला सांगा नवीन स्क्रिप्ट पाहिजे का.

प्रश्न : घरच्या अंगणात नाटक केलं तरी सेन्सॉर लागतं का? आणि लेखकाची परवानगी? (कणकवली)

आपल्याकडे लोक सेन्सॉर म्हणतात त्याचं नाव रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. महाराष्ट्रात नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता त्यांच्याकडे देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि स्पर्धेत भाग घेताना तर ते मागतातच. तुम्ही बोर्ड लावून, मेसेज फिरवून लोकांना बोलावणार असाल तर अंगण आहे म्हणून सुटलो असं धरू नका, संहिता वेळेत पाठवा, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको. आधी प्रयोग झालेलं नाटक असेल तर लेखकाकडे प्रमाणपत्राचा नंबर असतो, तो पण मागून घ्या.

लेखकाचं म्हणाल तर कॉपीराईट कायद्यात हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगाला सूट आहे. पण तिकीट लावलंत की ती सूट गेली. आणि सूट असली तरी मी म्हणेन फोन करा. बहुतेक लेखक छोट्या ग्रुपला मानधन अगदी कमी सांगतात, कित्येकदा नाहीच घेत, फक्त विचारलेलं त्यांना हवं असतं. एवढी रात्र रात्र जागून लिहिलेलं असतं हो त्यांनी, तुमच्या पोस्टरवर त्यांचं नाव बारीक अक्षरात टाकू नका.

प्रश्न : ताई, माझे बाबा दशावतारात स्त्री पार्ट करतात, पस्तीस वर्षं झाली. मी मुंबईला कॉलेजात एकांकिका केल्या, आता गावी परत आलोय. मला दशावताराचा फॉर्म घेऊन आजच्या विषयावर नाटक करायचंय, जमिनी विकल्या जातायत त्यावर. बाबा म्हणतात, "तुमका ह्यां जमाचा नाय." ते दुखावलेत की मला अडवतायत ते कळत नाही. (वेंगुर्ला)

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं.

तुझे बाबा जे सांगतायत त्यात राग असेल असं मला वाटत नाही, भीती असेल. त्यांनी बघितलंय की शहरातून कुणी तरी येतं, संकासुराचा काळा पोशाख आणि लाल जीभ उचलतं, चार फोटो काढतं, नाटकात पाच मिनिटं नाचवतं आणि त्याला लोककलेचा प्रयोग म्हणतं. त्यांच्यासाठी तो पोशाख नाहीये. आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, संकासूर येतो, त्याला एक क्रम आहे, देवळासमोर उभं राहून केलेलं आहे ते. तो क्रम तू नाटकात घेणार असशील तर का घेतोयस ते आधी त्यांना सांगता आलं पाहिजे.

पण फॉर्म म्हणजे पोशाख नाहीच ना रे. दशावतारात प्रायोगिक नाटकाला घेण्यासारखं काय आहे बघ. लिहिलेली संहिता नाही. संध्याकाळी कथा ठरते, कुणाला काय पार्ट ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर उभे राहून जन्माला येतात. समोरच्याने काय टाकलं ते झेलायचं आणि परत टाकायचं, म्हणजे दोघांनाही रामायण-महाभारत तोंडपाठ पाहिजे आणि कान उघडे पाहिजेत. आपण मुंबई-पुण्याच्या वर्कशॉपमध्ये पैसे भरून इम्प्रोव्हायझेशन शिकतो, तुझ्या घरात ते जेवणाच्या ताटावर होतंय. मग ते एक बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच पलंग, राजा उठला आणि नारद बसला की जागा बदलली, कुणाला शंका येत नाही. आणि पेटी धरलेला नाईक, तो गाऊन काळ पुढे नेतो, मृदंग आणि झांज युद्ध उभं करतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला पहिलं नाटक केलं असं आपण शिकतो, पण सूत्रधार, गणपती, सरस्वती, मग आख्यान ही मांडणी गावोगावच्या खेळांमध्ये तेव्हाही होतीच.

मी लहान असताना जत्रेत रंगपटात डोकवायचे, ती एक गोष्ट अजून डोळ्यासमोर आहे. एक कलाकार, दिवसा बागेत पाणी घालणारा, पेटाऱ्याच्या झाकणाला टेकवलेल्या हाताएवढ्या आरशात बघून स्वतःच्या तोंडाला रंग लावत होता. सफेदा झाला, भुवया झाल्या, कुंकू झालं, साडी नेसून झाली, आणि मग बांगड्या चढवताना त्याने आवाज बदलला, शेजारच्याकडे पाणी मागितलं ते बाईच्या आवाजात. अजून एंट्रीला अर्धा तास होता. तो बदल बांगड्या घालताना का झाला, तोंड रंगवताना का नाही, याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. तुझ्या बाबांना विचार. अगदी हेच विचार, तुम्ही बाई कधी होता, कुठल्या क्षणी. मला वाटतं त्या प्रश्नाने तुमचं बोलणं सुरू होईल.

आणि मग त्यांना तुझ्या नाटकात घे. सल्लागार म्हणून नको, नट म्हणून. जमीन विकायला निघालेल्या घरात एक आई असेलच ना, ती त्यांनी करावी, साध्या नऊवारीत, तोंडाला रंग न लावता. संवाद लिहून देऊ नकोस, कथा सांग आणि बाकडं ठेव. तुला आणि तुझ्या मुंबईच्या मित्रांना त्यांच्यासमोर उभं राहून शब्द झेलता आले तर नाटक होईल, आणि नाही आले तर बाबा म्हणाले ते खरं ठरेल, मग त्यांच्याकडेच शिकायला बस. आता दशावतारात ट्रिकसीन आलेत, धूर, लाईट, हलणारे साप, लोकांना आवडतात आणि कलाकारांना सुपाऱ्या मिळतात, मी त्याला नाव ठेवत नाही. पण बाकड्यावरचं जे शब्दाचं नाटक आहे ते कमी होतंय हे मला लागतं. ते तुझ्यासारख्यांच्या हातून टिकलं तर फार बरं वाटेल.

प्रश्न : लाईटचं काय करायचं? डिमर (उजेड कमी-जास्त करायचं यंत्र) भाड्याने घेणं जमत नाही. (राजापूर)

घरात आहे त्यातून होतं. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, तळाला होल्डर बसवा, आत एलईडी बल्ब, झाला तुमचा स्पॉट. डबा जेवढा लांब तेवढा प्रकाशाचा गोल लहान. गरम पिवळा उजेड देणारे बल्ब घ्या, पांढऱ्या उजेडात सगळे आजारी दिसतात. असे सहा डबे केलेत आणि प्रत्येकाला वेगळं बटण दिलंत तर हळूहळू एकेक बंद करत जाऊन फेड आऊट पण जमतो, साधा एलईडी पंख्याच्या रेग्युलेटरवर मंद होत नाही, तो प्रयत्न करू नका. हॅलोजन लावणार असाल तर एक लक्षात ठेवा, घरातला साधा ५ अँपिअरचा पॉईंट २३० व्होल्टला ११५० वॅटच झेपवतो, पाचशेचे दोन लावलेत की काठावर आलात, तिसरा लावला की घरमालकाचा फ्यूज गेला. मोठ्या पॉईंटवरून घ्या. मीठ-पाण्याचा डिमर करायची जुनी पद्धत होती, कुणी आजोबा सांगतील कौतुकाने, अजिबात करू नका, जीव जाईल.

आणि लाईट जाणारच. तालमीच्या शेवटच्या आठवड्यात एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून कंदिलावर अख्खं नाटक करून बघा, मग भीती राहत नाही.

प्रश्न : तिकीट लावावं का? (मालवण)

पहिल्या दोन प्रयोगांना लावू नका. नाटक संपल्यावर दाराशी एक डबा ठेवा आणि एकाने तिथे उभं राहून सरळ सांगायचं की आमचा एवढा खर्च झालाय, जमेल ते टाका. लाजायचं नाही. आपल्याकडे लोक भजनी मंडळाला देतात, तुम्हालाही देतील. फक्त आलेला पैसा तिथेच मोजून तिथेच मोठ्याने सांगा. नाटक दुसऱ्याचं असेल तर डब्याबद्दल पण लेखकाला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : मी बावीस वर्षांची आहे, एका ग्रुपमध्ये काम करते. तालीम रात्री नऊला सुरू होते कारण सगळे नोकरीवाले, आणि घरी यायला साडेअकरा होतात. आई काही बोलत नाही पण झोपत पण नाही. बाबा म्हणतात नाटक सोड. मला सोडायचं नाहीये. (देवगड)

सोडू नकोस. पण आईला जागवत ठेवू नकोस.

बाळा, ही तुझी एकटीची अडचण नाही, ग्रुपची आहे, आणि ग्रुपने सोडवायला पाहिजे. रात्री नऊची वेळ पुरुषांनी पुरुषांच्या सोयीने ठरवलेली असते, त्यांच्या मनात वाईट काही नसतं पण त्यांना कधी कुणी विचारलेलंच नसतं. तू पुढच्या तालमीत सगळ्यांसमोर सांग की रविवारी सकाळी मोठी तालीम करू आणि आठवड्यात दोनच दिवस संध्याकाळी सात ते नऊ. नाही म्हणाले तर माझं नाव सांग, त्यांना हा अंक दाखव. ज्या ग्रुपला एका मुलीसाठी दोन तास मागे येता येत नाही त्या ग्रुपने बाईच्या दुःखावर नाटक करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं, एक तालीम तुझ्या घरी ठेव. ओटीवर. बाबा पेपर वाचत बसतील, ऐकत नसल्यासारखं दाखवतील, बसू दे. माझ्या वडिलांनी चार तालमी तशा काढल्या, पाचव्या दिवशी आतून म्हणाले, "ते वाक्य परत म्हण, मघाशी चांगलं म्हणाली होतीस." तोपर्यंत त्यांना वाटत होतं की नाटक म्हणजे मुलगी बाहेर कुठे तरी जाते. त्या दिवशी त्यांना कळलं की मुलगी काम करते. माझ्याकडे तुला द्यायला यापेक्षा मोठा उपाय नाहीये, पण हा चालतो.

प्रश्न : आम्ही तुमचा लेख वाचून खरंच वाडीतल्या एका घराच्या पडवीत प्रयोग केला. सगळ्या वाडीला सांगितलं होतं. आठ माणसं आली. त्यातली दोन आमच्याच मुलाचे आईवडील. आम्ही पूर्ण नाटक केलं पण नंतर कुणी कुणाशी बोललं नाही. (लांजा)

तुम्ही पूर्ण केलंत, याबद्दल आधी तुम्हा सगळ्यांना शाबास म्हणते. पुष्कळ ग्रुप अशा वेळी वीस मिनिटं वाट बघून गुंडाळतात.

आता मला सांगा, त्या आठ जणांशी तुम्ही बोललात का? की आले नाहीत त्यांचा विचार करत सामान आवरलंत? उरलेली वाडी त्या दिवशी का आली नाही याची दहा कारणं असतात, कुणाकडे बारसं, कुणाची गाय व्यायलेली, मॅच, बहुतेकांना तर वाटलं असेल की पोरांचं काही तरी आहे, नंतर बघू. पण आठ जण आले, जमिनीवर बसले, शेवटपर्यंत उठले नाहीत. त्यांच्या घरी जा. आईवडील असलेल्या दोघांच्या पण. विचारा की कुठे कंटाळा आला, कुठे ऐकू आलं नाही, कुठलं पात्र खरं वाटलं नाही. वहीत लिहून घ्या आणि त्यातल्या दोन गोष्टी बदला. मग त्यांनाच सांगा की अमुक तारखेला परत करतोय, तुम्ही सांगितलेलं बदललंय, बघायला या. ते एकटे येणार नाहीत, आपण सुचवलेलं नाटकात आलंय का ते दाखवायला शेजाऱ्याला घेऊन येतील.

जागा बदलू नका, तीच पडवी ठेवा. वार पण तोच ठेवा, महिन्याचा एखादा शनिवार धरा आणि माणसं असोत-नसोत त्या शनिवारी तिथे काही तरी करा, नाटक तयार नसेल तर नुसतं वाचन करा. एकदा लोकांच्या डोक्यात बसलं की त्या घरी शनिवारी काही तरी असतं, की मग सांगत फिरायला लागत नाही.

तारीख ठरली की मला कळवा, मी येते. मुक्कामाला येईन, म्हणजे प्रयोगानंतर बसून बोलता येईल.